निवेदन क्रमांक सात

“‘लई’ला दुसरा शब्द सांग,” मी म्हणाले.

“खूप.”

“आणखी वर चढ.”

“फार.”

“प्रबंधात ‘फार’सुद्धा चालत नाही. किती फार? कुणाच्या मते फार?”

शेवंता ओठ चावत खाली बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “लक्षणीय?”

“शाबास,” मी म्हणाले आणि शेंगदाण्याच्या लाडवांची बशी तिच्यापुढं सरकवली.

आमची शिकवणी अशी चालायची. १९९१ सालचा जानेवारी होता. कोल्हापुरातल्या मुलींच्या एका शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून मी निवृत्त झाले होते आणि रिकामं बसवेना म्हणून लोकांच्या प्रबंधांची भाषा तपासून देत होते. ‘एकदा सबनीसबाईंच्या हाताखालून जाऊ दे,’ असं मार्गदर्शक आपल्या विद्यार्थ्यांना सांगत. विद्यार्थी माझ्यामागं मला ‘शुद्धिपत्र’ म्हणत. ते मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. नाकानं कांदे सोलायची सवय एकदा लागली की सुटत नाही.

शेवंता धोत्रे माझ्याकडं पहिल्यांदा आली ती रडवेली होऊन. ती समाजशास्त्रात पीएच.डी. करत होती. विभागात सगळ्यांसमोर प्रबंधाचा सारांश वाचताना तिच्या तोंडून ‘माणसं पार खंगून गेली’ असं वाक्य गेलं. मागच्या रांगेतून कुणीतरी ‘पाऽर!’ म्हणून हसलं आणि मग सगळेच हसले. तिचे मार्गदर्शक डॉ. मिरजकर हसले नाहीत, पण नंतर खोलीत बोलावून म्हणाले, “धोत्रे, हा प्रबंध आहे. चावडीवरच्या गप्पा नव्हेत.”

“बाई, मला अशी भाषा द्या की कोण हसणार नाही,” ती मला म्हणाली.

एवढं एकच मागणं होतं तिचं. ते मी पुरेपूर पुरवलं.

तिचा विषय होता गारेचा कारखाना. शहरापासून दीड तासावर एका उजाड माळावर पांढरी गार, म्हणजे गारगोटीचा दगड, दळून तिचं पीठ करणारा कारखाना होता. ते पीठ काचेच्या भट्ट्यांना जायचं. माळावरच्या वस्तीतली माणसं तिथं कामाला असत. पाच-सात वर्षं काम केलं की खोकला, मग धाप, मग खाट. दवाखान्याच्या कागदावर प्रत्येकाच्या नावापुढं ‘क्षय’ लिहिलेलं असे, आणि क्षयाच्या गोळ्या नेमानं खाऊनही माणूस जायचाच.

“क्षय नाही बाई, धूळ आहे ती,” शेवंता म्हणाली. “धूळ ओढायला केवढा मोठा पंखा बसवलाय तिथं. तो लावतच नाहीत. तपासणीला साहेब यायचा असला की त्या दिवशी तेवढा लावतात. हे एकदा कागदावर आलं पाहिजे. मोठ्या कागदावर. मग कुणाला तरी बघावंच लागेल.”

“तुला कसं ठाऊक पंख्याचं?”

“वस्तीत सगळे बोलतात. पण पंख्याचं बटण आमच्या आबाच्या हातात आहे. खरं ठाऊक आहे ते त्यालाच.”

आबा म्हणजे तिचे वडील, यल्लाप्पा धोत्रे. गिरणीघरात यंत्रं चालू-बंद करायचं काम त्यांच्याकडं होतं.

“मग त्यांनाच विचार की.”

“विचारलं. भिंतीकडं तोंड करून झोपतो. आता त्यालाही धाप लागती.” मग म्हणाली, “लागते.”

ती अशीच स्वतःला दुरुस्त करायची. बोलण्याच्या भरात आमच्याकडच्या बायकांसारखं ‘मी आलो, मी गेलो’ निघून जायचं, मग जीभ चावून ‘आले, गेले’ म्हणायची. मला वाटायचं, पोरगी हुशार आहे, शिकवलेलं वाया जात नाही.

मार्चअखेर प्रबंधाची सहा प्रकरणं माझ्या हाताखालून गेली. ‘माणसं मरतात कशी’ या प्रकरणाचं मी ‘मृत्युदराचे स्वरूप व कारणमीमांसा’ केलं. ‘धूळ’चं ‘धूलिकण’ झालं. ‘मालक’चं ‘व्यवस्थापन’ झालं. डॉ. मिरजकरांनी निरोप पाठवला, ‘भाषेचा कायापालट झाला आहे.’ शेवंतानं तो निरोप मला दोनदा सांगितला आणि दोन्ही वेळा ती हसली.

मग एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती तीन वह्या घेऊन आली. खताच्या पिशवीत घालून, सुतळीनं बांधून आणल्या होत्या.

“हे शेवटचं परिशिष्ट,” ती म्हणाली. “कामगारांची निवेदनं. एकोणीस आहेत. प्रत्येकाच्या खाटेपाशी बसून लिहून घेतली.”

मी पहिली वही उघडली. पेन्सिलीनं लिहिलेली, माणूस जसा बोलला तशी, खोकल्याच्या जागी ‘इथं खोकला’ असंसुद्धा. दोन पानं वाचली आणि मला कसंतरीच झालं. मजकुरामुळं झालं असं म्हणता आलं तर बरं होतं. पण ते शुद्धलेखनामुळं झालं.

“ही तशीच राहू द्यायची का बाई?” शेवंतानं विचारलं. “प्रकरणांचं ठीक आहे, ती माझी आहेत. ही त्या माणसांची बोलणी आहेत.”

“परिशिष्टही प्रबंधाचाच भाग असतो.”

“तरी पण...”

“परीक्षक मुंबईहून येणार आहेत,” मी म्हणाले. “‘पार’ म्हणून हसायची त्यांना पुन्हा सोय करून द्यायची आहे का तुला?”

तिचा चेहरा उतरला. मला ते दिसलं, आणि आपण बरोबर जागी बोट ठेवलं याचं समाधानही वाटलं. तिनं वह्या माझ्याकडं सरकवल्या.

“यातलं एक पान मी वाचलेलं नाही,” ती म्हणाली. “सातवं. आबाचं आहे. शेवटी तो बोलायला तयार झाला, पण माझ्यापुढं नाही. बाप लेकीपुढं असलं बोलत नाही आमच्यात. चुलतभावाला, मुरलीला, बसवून घेतलं आणि त्याला सांगितलं. मुरलीनं लिहून वहीत डकवलंय. मी उघडायला गेले, पण जमलं नाही. तुम्हीच बघा.”

“बघते,” मी म्हणाले.

आता माझी काट मारायची रीत सांगायला हवी. आमचे टंकलेखक घाटगे डोळ्यानं जरा अधू होते. एकदा एका प्रबंधात मी खोडलेला शब्दही त्यांनी टंकला आणि वर लिहिलेला शब्दही. ‘त्याचा बाप वडील वारले’ असं छापून गेलं आणि माझी गावभर शोभा झाली. तेव्हापासून मी नुसती रेघ मारत नसे. काळ्या शाईची रुंद निबाची लेखणी होती माझ्याकडं, तिनं शब्द पूर्ण झाकून टाकायचा. पान उलटं धरलं, उजेडात धरलं, तरी खालचं अक्षर दिसता कामा नये. पट्टी लावल्यासारख्या माझ्या काटा सरळ असत. घाटगे म्हणायचे, “बाई, तुमची काट म्हणजे काट.”

शेवंतानं त्या निवेदनांची प्रत ठेवली आहे का, हे मी विचारलं नाही. प्रबंध सादर करायची तारीख पंधरा दिवसांवर होती. मी सरळ वहीतच दुरुस्त्या करायला बसले.

सहा दिवस लागले. हाका, टोपणनावं, शिव्या, देवाच्या आणा, सगळं काढलं. तात्या, दाजी, आक्का, म्हातारा, धाकला, कोण कुणाचं कोण हे वाचणाऱ्याला काय कळणार? खोकला काढला. एकच गोष्ट तीनदा सांगितली असेल तर दोनदाची काढली. ज्या ओळी राहण्यासारख्या वाटल्या त्याही माझ्या शब्दांत वर लिहून काढल्या, म्हणजे खालच्या झाकाव्याच लागल्या. सातवं पान मी इतर पानांसारखंच केलं. मला ते वेगळं करण्याचं काही कारण दिसलं नाही. त्यातली दोन वाक्यं मला आजही पाठ आहेत, कारण ती माझी आहेत:

‘वायुवीजन यंत्रणेचा वापर अनियमित स्वरूपाचा होता. कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे निवेदकास सदर बाब वेळीच निदर्शनास आणून देणे शक्य झाले नाही.’

शेवंताला पुढच्या वर्षी पदवी मिळाली. परीक्षकांच्या अहवालात ‘भाषा निर्दोष व विषयास साजेशी’ असं वाक्य होतं. ती पेढे घेऊन आली, माझ्या पाया पडली. आबा कसे आहेत म्हणून मी विचारलं.

“बसूनच झोपतो आता. आडवं व्हायला येत नाही,” ती म्हणाली. “पण पेढा खाल्ला. चघळून चघळून.”

त्या पावसाळ्यात ते वारले. मुरली त्यानंतर पाच महिन्यांनी गेला, तोही तिथंच कामाला होता. वय सव्वीस.

१९९४च्या फेब्रुवारीत मला एक सरकारी पत्र आलं. माळावर एका महिन्यात चार माणसं गेली, वर्तमानपत्रात आलं, आणि मग चौकशी समिती बसली. समितीपुढं वस्तीच्या बाजूनं जो पुरावा होता तो एकच: डॉ. शेवंता धोत्रे यांचा प्रबंध, परिशिष्टातली एकोणीस निवेदनं आणि त्यांच्या मूळ वह्या. एकोणीसपैकी चौदा माणसं तोवर मेली होती. वह्यांतल्या खाडाखोडीबद्दल खुलासा करण्यासाठी श्रीमती हेमलता सबनीस यांनी उपस्थित राहावं, असं पत्रात होतं.

सरकारी विश्रामगृहाच्या हॉलमध्ये सुनावणी होती. समोर तीन माणसं, मधोमध अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश. एका बाजूला मालकाचे वकील. दुसऱ्या बाजूला भिंतीलगत सतरंजीवर वस्तीतली माणसं बसली होती, खुर्च्या रिकाम्या असून. हॉलभर एकसारखा खोकला चालला होता. मी तो वहीतून काढला होता, तो इथं ऐकू येत होता.

माझ्याआधी गंगव्वा म्हणून एका म्हातारीला उभं केलं. निवेदन क्रमांक बारा तिचं होतं. ती चाळणघरात कामाला असायची. वकिलांनी प्रबंध उघडला आणि सावकाश, अगदी नम्रपणे वाचलं.

“‘कार्यस्थळी धूलिकणांचे प्रमाण लक्षणीय असल्याने श्वसनमार्गास बाधा पोहोचत असे.’ आजी, हे तुम्ही बोललात?”

गंगव्वानं मान वर केली. “काय म्हनला?”

त्यांनी पुन्हा वाचलं.

“न्हाई बा,” ती म्हणाली. “ह्ये आमचं न्हवं. ह्ये शिकल्याल्या मानसाचं बोलनं हाय.”

“तुमचं नाव लिहिलंय खाली. वहीत अंगठा आहे.”

“अंगठा माजा आसंल. पर एवढं चांगलं बोलाय आमाला कुठनं येनार सायेब?”

ती खरं बोलत होती. खोटं बोलायला बोलावलंय असं तिला वाटलं असावं, आणि आपण खोटं बोलणार नाही हे दाखवायला ती ताठ उभी होती. वकिलांनी आणखी दोन वाक्यं वाचली. दोन्ही तिनं नाकारली. अध्यक्षांनी विचारलं, “मग तुम्ही काय बोलला होता, ते आता सांगा.”

“धूळ हुती. लई हुती. भाकरीवर बसायची. दुसरं काय सांगू?”

“पंख्याबद्दल?”

“पंका गिरनीघरात. मी चाळणीवर. मला त्यातलं कळत न्हाई.”

हयात असलेल्या बाकीच्या चौघांचंही तेच झालं. एक जण, वकील वाचून दाखवत असताना, मधेच म्हणाला, “ह्यो कोण मानूस हाय?” आपलंच निवेदन ऐकत होता तो. शेवंता उठून उभी राहिली आणि म्हणाली, “साहेब, ही माणसं बोलली तेच मी लिहून घेतलं होतं. वह्या बघा.”

“वह्याच बघतोय आपण,” वकील म्हणाले आणि त्यांनी माझं नाव पुकारलं.

वही माझ्या हातात दिली. पानामागून पान काळ्या पट्ट्या. वर माझं टपोरं अक्षर.

“या काटा तुमच्या?”

“हो.”

“खाली काय होतं हे वाचता येईल का?”

“नाही.”

“म्हणजे मूळ मजकूर दिसू नये अशा बेतानंच काट मारली?”

“टंकलेखकाचा घोटाळा होऊ नये म्हणून.”

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. हसलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

“निवेदन क्रमांक सात,” वकील म्हणाले. “यल्लाप्पा धोत्रे, मयत. पंख्याचं बटण यांच्या ताब्यात होतं, आणि हे निवेदन लिहून घेणारा मुरलीधर धोत्रे, तोही मयत. ‘वायुवीजन यंत्रणेचा वापर अनियमित स्वरूपाचा होता.’ अनियमित का? वीज जात होती? यंत्र नादुरुस्त होतं? की यल्लाप्पाच कामात कुचराई करत होते?”

“मालकांच्या सांगण्यावरून पंखा बंद ठेवत, असा मजकूर होता.”

“कोणत्या शब्दांत?”

मी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला. डोळे मिटले. डोळ्यांसमोर माझंच वाक्य येत राहिलं.

“शब्द आठवत नाहीत.”

“मालकांचा उल्लेख होता, तर तो तुम्ही काढला का?”

“प्रबंधात कुणावर थेट आरोप करायचा नसतो. तो संकेत आहे.”

“म्हणजे तुमच्याच मते तो निव्वळ आरोप होता.” त्यांनी वही मिटली. “अध्यक्षमहाराज, ध चा मा करायला पूर्वी निदान एक अक्षर तरी शिल्लक ठेवत. इथं तेही नाही. खाली कारखान्याच्या बाजूचं काही लिहिलेलं असेल आणि ते झाकलं असेल, असंही मी म्हणू शकतो.”

अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं. ते वाईट माणूस नव्हते. “बाई,” ते म्हणाले, “तुम्ही तीस वर्षं शिक्षिका होता. शब्द नाही, निदान काही तरी आठवत असेल.”

मी नाही म्हणून मान हलवली. शेवंता माझ्याकडं बघत होती. मला तिच्याकडं बघवेना, मी टेबलावरच्या पाण्याच्या तांब्याकडं बघत राहिले.

दोन महिन्यांनी समितीचा अहवाल आला. ‘मृत्यूंचा कारखान्यातील धुळीशी संबंध प्रस्थापित करण्याइतका विश्वसनीय पुरावा उपलब्ध झालेला नाही. सबब कोणत्याही कारवाईची शिफारस करण्यात येत नाही.’ मी तो अहवाल सवयीनं हातात पेन घेऊन वाचला. एक शब्दही बदलण्यासारखा नव्हता. मग पेन खाली ठेवलं आणि मला माझी किळस आली.

कारखाना चालूच राहिला.

मे महिन्यात एका दुपारी शेवंता आली. समितीनं वह्या परत केल्या होत्या, त्यातली पहिली तिच्याजवळ होती. मी पाणी दिलं, तिनं ते घेतलं. लाडवाची बशी पुढं करायचं धाडस मला झालं नाही.

“भांडायला आलो नाही मी,” ती म्हणाली. जीभ चावली नाही, दुरुस्तही केलं नाही. “वह्या तुमच्यापुढं मीच सरकवल्या. प्रत काढून ठेवायला पाहिजे होती, ती मी ठेवली नाही. मुंबईच्या माणसानं हसू नये म्हणून मीच भ्यालो.”

“भीती मी घातली तुला,” मी म्हणाले.

वही उघडून तिनं सातवं पान माझ्यापुढं धरलं.

“मी हे वाचलं नव्हतं. मुरली गेला, आबा गेला. हे वाचलेलं एकच माणूस जितं आहे, ते तुम्ही. समितीपुढं तुम्ही घाबरला असाल. आता कोण नाही इथं. आबा काय बोलला ते सांगा मला. मला कुठं द्यायचं नाही ते. मला पाहिजे.”

“शेवंता...”

“‘कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे निवेदकास सदर बाब वेळीच निदर्शनास आणून देणे शक्य झाले नाही.’” तिनं पान न बघता म्हटलं. “पाठ झालंय माझं. तीन वर्षं वाचतोय. कसली जबाबदारी हो बाई? वस्तीतली माणसं समोर मरत होती, याच्या हातात बटण होतं, आणि हा गप्प बसला. वस्तीत बायका अजून माझ्याकडं बघून तोंड फिरवतात. काय सांगितलं त्यानं? का गप्प बसला?”

मला आठवत नव्हतं. हे तिला दुसऱ्यांदा सांगायची माझ्यात ताकद नव्हती. म्हणून मी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. माझ्याच वाक्याची उलटी वाट धरली. कोल्हापुरात साठ वर्षं काढली होती, माणसं कशी बोलतात ते कानांवर होतंच.

“असं काहीसं होतं,” मी म्हणाले. “‘सायेब यायच्या दिवशीच पंका लाव म्हनायचा मालक. मला वाईट वाटायचं. पर काय करनार, पोरंबाळं हुती...’”

शेवंता ऐकत होती. तिचा चेहरा क्षणभर उघडला, आणि मग हळूहळू मिटला.

“आबा असं बोलत नव्हता बाई,” ती म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. गंगव्वानं जसं सांगितलं होतं, तसंच तिनं सांगितलं.

“‘पोरंबाळं’ कधी म्हणायचा नाही तो. नावं घ्यायचा. धाकट्याला सद्या, मधल्याला विठू. आणि मला आक्का. थोरली म्हणून घरात सगळे मला आक्काच म्हणायचे, तोही.”

आक्का.

शाळेत आम्ही पोरींना सांगायचो, विसरलेलं आठवायचं असेल तर पहिला शब्द धरा. तो एक शब्द तिनं उच्चारला आणि पेन्सिलीचं फिकट पान माझ्यापुढं आलं. वाक्यं नाही आली. वाक्यं आजही आलेली नाहीत. पण तो शब्द आला, एकदा नाही, वरपासून खालपर्यंत. जवळजवळ प्रत्येक ओळीत तो होता. लेखणी घेऊन बसले असताना मी वैतागून मनात म्हटलं होतं, ही आक्का कोण? बहीण की शेजारीण? संदर्भ न देता माणूस आणायचा नसतो, एवढंही यांना कळत नाही. आणि प्रत्येक ठिकाणी मी तिला झाकत गेले होते. शेवटी सगळ्या आक्का मिळून दोन शब्द केले होते.

“शेवंता,” मी म्हणाले. “आत्ता सांगितलं ते खोटं होतं. मी ते जुळवलं. मला वाक्य एकही आठवत नाही.”

“ते कळलं मला.”

“पण आक्का होती त्या पानावर. तू होतीस. सगळीकडं होतीस. कौटुंबिक जबाबदाऱ्या म्हणजे तूच होतीस. कोण ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी काढून टाकलं.”

तिला काय काय कळलं असेल, त्यातलं तिला हवं होतं किती आणि नको होतं किती, हे मला आजही ठरवता येत नाही. वस्तीतली माणसं एका बाजूला आणि तिची फी, तिची वह्यापुस्तकं, तिचं विद्यापीठ दुसऱ्या बाजूला, आणि मधे बटणावर हात ठेवून उभा असलेला बाप. हे सगळं त्यानं कसं सांगितलं होतं, रडून, रागावून की नुसतंच, ते मी झाकलं होतं आणि आता ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग तिनं खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि पान माझ्या मांडीवर ठेवलं.

“कुठं?” तिनं विचारलं.

खिडकीतून उजेड येत होता. मी पान त्या बाजूला वळवलं. पट्ट्या सरळ, दाट, एकसारख्या होत्या. माझी काट म्हणजे काट. कुठं काय होतं ते मला सांगता येणार नव्हतं.

मी एका पट्टीवर बोट ठेवलं.

“इथं,” मी म्हणाले.

शेवंतानं माझं बोट बाजूला केलं आणि तिथं आपलं ठेवलं.